माळ्यावरचा मारिओ: दुरुस्त करायचा की नवा आणायचा?

लाल दिवा लागतो, टीव्हीवर मात्र नुसता करडा पडदा. सुट्टीत माळ्यावरून उतरवलेल्या व्हिडिओ गेमची ही नेहमीची गोष्ट. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दाखवून आणू. दुसरा म्हणतो, मोबाइलवर फुकटात हजार गेम मिळतात, द्या भंगारवाल्याला. मी पहिल्या पक्षाचा, पण डोळे मिटून नाही. काही डबे खरंच संपलेले असतात. कोणता जिवंत आणि कोणता गेला, हे ओळखायला या गोष्टी कामी येतात.

एकच यंत्र, गावोगावी वेगळं नाव

निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ जपानात १५ जुलै १९८३ला आला, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो घडला. आपल्याकडे बहुतेकांनी खेळली ती त्याची नक्कल, ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ अशा नावांची. रशियात तीच नक्कल १९९२पासून ‘डेंडी’ नावानं घरोघरी गेली, पोलंडमध्ये ‘पेगासस’ झाली. कॅसेटच्या ६० पिना मात्र सगळीकडे सारख्या. म्हणून धुळ्यातल्या डब्याचा आजार वॉर्सातल्या माणसानेही पाहिलेला असतो. या यंत्राचे नकाशे, सुटे भाग, नेहमीचे बिघाड, सगळं जगभरच्या हौशी लोकांनी नोंदवून ठेवलंय.

आणि यंत्रात सामान तरी किती? कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढले, रंग तेवढा बदलला. इतक्या कमी भागांच्या यंत्रात बिघाड शोधणं सोपं जातं.

कंपनीनं २४ वर्षं दुरुस्त केला

हे मला सगळ्यात भारी वाटतं. निन्टेन्डोनं फॅमिकॉम बनवणं २००३मध्ये थांबवलं, पण जपानात दुरुस्ती चालू ठेवली ती ३१ ऑक्टोबर २००७पर्यंत. थांबली तीही सुटे भाग मिळेनात म्हणून. सोनीनं प्लेस्टेशन-२चं उत्पादन जानेवारी २०१३मध्ये बंद केलं, पण जपानात दुरुस्तीच्या मागण्या घेतल्या ऑगस्ट २०१८पर्यंत. आपल्या नकली डब्यांच्या पाठीशी असं कोणी नव्हतं. त्यांना जगवलं ते गल्लीतल्या टीव्ही-रेडिओ मेकॅनिकनं. डबा हातात घेऊन, उलटा करून, ‘व्हई जाई, भाऊ’ म्हणणाऱ्या त्या माणसांकडे आजही मल्टिमीटर आहे आणि हातही सरावलेला आहे.

फुंकर मारू नका

कॅसेट काढायची, फू करायचं, परत ठोकायची. चित्र यायचंही! पण ते फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. पिना एकमेकींवर घासतात आणि तुटलेला संपर्क जुळतो. फुंकरीतला ओलावा मात्र धातूवर राहतो आणि हळूहळू गंज चढवतो. निन्टेन्डोनंही फुंकू नका असं बजावलं होतं.

करडा पडदा, थरथरणारं चित्र, मारिओच्या जागी भलतीच अक्षरं, यातलं काहीही दिसलं तर पहिला संशय पिनांवर घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. ते कापसाच्या काडीवर घेऊन कॅसेटची पट्टी पुसा, वाळू द्या. खोडरबर फारच काळवंडलेल्या पट्टीवर एखादवेळेस चालतो, पण सारखा घासला तर मुलामाच निघून जातो. फॅमिकॉमच्या अमेरिकी रूपात, म्हणजे एनईएसमध्ये, कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी चिप होती. पिना मळल्या की ती यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करायची आणि दिवा लुकलुकायचा. आपल्या डब्यांत ती चिप नाहीच, तेवढाच एक आजार कमी.

मे महिना आणि कंडेन्सर

आता खास खानदेशी शत्रू. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या पोटात द्रव असतो आणि तो उष्णतेनं सुकत जातो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. समजा त्याच्यावर ८५ अंशांना २,००० तास असं लिहिलंय. मग ३५ अंशांना ते ६४,००० तास होतात, ४५ अंशांना ३२,००० आणि ५५ अंशांना १६,०००. आता आठवा, जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये कित्येकदा ४५च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तो आणखी चढतो. बंद डब्यालाही ही धग लागतेच. म्हणजे नाशिकच्या कपाटात ठेवलेला आणि जळगावच्या माळ्यावर ठेवलेला, असे एकाच वर्षीचे दोन डबे एका वयाचे राहत नाहीत.

लक्षणं ठरलेली आहेत. चित्रावर आडव्या लाटा, आवाजात घुमणारी गुणगुण, सुरू होऊन दहा मिनिटांनी गचका. वरून फुगलेला किंवा खाली तेलकट डाग पडलेला कंडेन्सर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो बदलणं हे सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक. तेवढाच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, आणि सांगून १०५ अंशांचा घ्या. आपल्या हवेत हे २० अंश फार मोलाचे.

धुळ्याची थंडीही काही कमी नाही. पारा सात-आठ अंशांखाली उतरणं तिथे नवलाचं नाही. मेकॅनिक ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तो बिघाड तापण्या-निवण्याच्या या खेळात वाढतो, कारण धातू आणि आतली सर्किटची पट्टी वेगवेगळ्या मापानं फुगतात आणि जोडाला बारीक तडा जातो. डब्यावर टिचकी मारली की चित्र येतं-जातं? मग नव्याचा विचारही करू नका. जोडांवर पुन्हा एकदा सोल्डर फिरवला की काम होतं.

एलिमिनेटर बदलला आणि डबा गेला

जुना एलिमिनेटर हरवतो, मग कुणी वायफायच्या डब्याचा १२ व्होल्टचा लावतो. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. वरून जास्त व्होल्ट आले तरी तो खाली ५ व्होल्टच देतो आणि उरलेलं उष्णतेत उडवतो. डब्यानं अर्धा अँपिअर ओढला तर ९ व्होल्टवर दोन वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन वॅट! छोट्याशा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर एवढी आग रोजची झाली की तो जातोच. त्याहून वाईट म्हणजे उलटी पिन. अस्सल फॅमिकॉमच्या प्लगमध्ये मधलं टोक ऋण असतं, आणि बाजारातले आजचे बहुतेक अडॅप्टर मध्ये धन असलेले. नकली डब्यांत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून डब्यावरची खूण वाचूनच प्लग लावा. दिवाच लागत नसेल तर आधी एलिमिनेटर मोजा, मग ७८०५. तो दहा-वीस रुपयांत मिळतो.

झाकण उघडा, निकाल तिथेच

चार-सहा स्क्रू काढा आणि पट्टीकडे बघा. लांब, चाळीस पायांच्या दोन आयसी दिसल्या, त्यांवर यूए ६५२७ आणि यूए ६५३८ असं काही लिहिलेलं असलं, तर तुमचा डबा जुन्या घडणीचा आहे. एक आयसी डोकं, दुसरी चित्रं काढणारी. शेजारच्या मेमरीच्या आयसीही वेगळ्या असतात. यातली कुठलीही एक काढून दुसरी बसवता येते. असा डबा मी कधीच टाकू देणार नाही.

त्याऐवजी पट्टीवर काळ्या लाखेचा नाण्याएवढा गोळा दिसला, तर अख्खा फॅमिकॉम त्या एका गोळ्याखाली आहे. नव्वदीच्या दशकात स्वस्ताई करताना कारखान्यांनी सगळ्या आयसी एका चिपमध्ये कोंबल्या आणि वरून इपॉक्सी ओतलं. गोळ्याच्या बाहेरचं सगळं दुरुस्त होतं: पिना, कंडेन्सर, स्विच, रिमोटची वायर. गोळाच गेला तर मात्र जगातला कुठलाच मेकॅनिक तो उघडून नीट करू शकत नाही. तेव्हा बिनधास्त दुसरा घ्या.

रिमोटचं बटण दाबूनही मारिओ उडी मारत नाही? बटणाखालच्या रबरावर कार्बनचा काळा ठिपका असतो, तो झिजलाय. टीव्हीच्या रिमोटमध्येही तेच रबर, त्यामुळे रिमोट दुरुस्त करणारा कुणीही ते बघू शकतो.

सुवर्णनगरीसाठी एक हिशेब

जळगावात सोन्याचा विषय निघणारच. हो, अस्सल कॅसेटच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. पण त्याची जाडी साधारण एक मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे एका कॅसेटवरचं सोनं काही मिलिग्रॅममध्ये मोजावं लागेल. ते काढायला लागणारी आम्लं त्याहून महाग आणि घातक. चालती कॅसेट कधीही जास्त किमतीची.

बंदूक बिघडलेली नाही, टीव्ही बदललाय

बदकं मारायची बंदूक एलसीडीसमोर मुकी होते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर आणि तिच्या विशिष्ट लुकलुकीवर बेतलेलं. एलसीडी चित्र उशिरा दाखवतो आणि तसा लुकलुकत नाही. बंदूक जपायची असेल तर डब्बा टीव्हीही जपा. तो घरी मात्र उघडू नका. ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार असतो आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतो.

दुसरी फसगत रंगांची. बाहेरून मागवलेला डबा एनटीएससी पद्धतीचा आणि घरचा जुना टीव्ही फक्त पालचा असला की चित्र कृष्णधवल येतं. लोक तो परत करतात, दोष मात्र कुणाचाच नसतो.

पिवळेपणावर जळगावचं ऊन

प्लॅस्टिक पिवळं पडण्यात आग रोखण्यासाठी मिसळलेल्या ब्रोमीनच्या संयुगांचा मोठा हात. २००८च्या सुमारास हौशींनी तोडगा काढला: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरणं. ऊन तर आपल्याकडे मुबलक. फक्त मेची दुपार टाळा, डबा वाकतो. डिसेंबरचं सकाळचं ऊन उत्तम. हातमोजे घाला, आणि पट्टी आधी बाहेर काढा.

नवाच हवा असेल तर

निन्टेन्डोनं १० नोव्हेंबर २०१६ला जपानात तळहातावर मावणारा छोटा फॅमिकॉम काढला. आत ३० खेळ, एचडीएमआयची वायर, पण जुनी कॅसेट लागत नाही. बाजारात मिळणारा ‘४०० इन वन’वाला हातातला ‘सप’ गेम मात्र एका बाबतीत गुणी आहे: त्याच्यात नोकियाच्या जुन्या फोनची बीएल-५सी बॅटरी बसते. ती गावोगावी मिळते. बॅटरी बदलता येणारं खेळणं मी केव्हाही आधी निवडेन.

नव्याऐवजी वापरलेला घ्यायचा असेल, तर ‘एक्सबॉक्स ३६०’ बंद पडल्यावर लागणारं लाल दिव्यांचं वर्तुळ आठवा. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टनं या बिघाडापायी एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली आणि वॉरंटी तीन वर्षांची केली. कुणी ‘हीट मारून देतो’ म्हणालं तर थांबा. हीट गननं ते बहुधा थोडेच दिवस चालतं. आणि २००१चा पहिला एक्सबॉक्स घरात असेल तर तो चालू असला तरी उघडा. घड्याळासाठीचा त्यातला कंडेन्सर बंद पेटीतही गळतो आणि पट्टीवरच्या रेषा खातो. सुरुवातीच्या यंत्रांत तो नुसता काढून टाकला तरी खेळ चालतो.

टाकायचाच असेल तर

जळगावच्या एमआयडीसीत जुन्या प्लॅस्टिकच्या चटया बनतात, म्हणून डबाही तिथे खपेल असं वाटेल. पण चटईचं प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीन, डब्याचं बहुधा एबीएस. दोन्ही एकजीव होत नाहीत. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमचंही नाव आहे, तेव्हा तो अधिकृत संकलनाकडेच द्या. देण्याआधी कॅसेटचा ६० पिनांचा सॉकेट, रिमोटचे सॉकेट, स्विच आणि झाकणाचे स्क्रू काढून एका पिशवीत ठेवा. सॉकेट काढताना मेकॅनिकला सोल्डर ओढायचा पंप वापरायला सांगा, कारण हीट गननं प्लॅस्टिक मऊ झालं की पिना सरळ राहत नाहीत आणि तो सॉकेट दुसऱ्या डब्याला लागत नाही.