कृष्णधवल छायाचित्रांकरितां माफक किंमतीचा इंकजेट प्रिंटर

दप्तरें पाहण्यास गांवोगांव जाणारे संशोधक आतां कागदांची नक्कल हातानें न उतरतां त्यांचीं छायाचित्रें घेऊन येतात. परंतु वाचन, पडताळणी व चर्चा यांकरितां तीं कागदावर छापल्यावांचून काम भागत नाहीं. आणि मूळ दप्तर वाळवीनें खाल्लें व संगणकांतील प्रतहि हरवली, तर हा छापच मुळाच्या जागीं राहतो. यास्तव तो कोणत्या यंत्रावर काढावा, हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. दुकानांत स्वस्त म्हणून पुढें केला जाणारा प्रिंटर या कामीं बहुधा फसवा ठरतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका शिलालेखाचें कृष्णधवल छायाचित्र चार शायांच्या घरगुती यंत्रावर छापलें. रात्रीं दिव्याखालीं तें निर्दोष वाटलें. सकाळीं खिडकीशीं धरतांच सगळ्या दगडावर हिरवट झांक दिसूं लागली. एका स्नेह्यांनीं तर दगड कोणत्या जातीचा, म्हणून विचारणा केली!

याचें कारण यंत्राच्या रचनेंतच आहे. इंकजेट प्रिंटर शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर टाकतो. काळी शाई एकच असेल तर फिकी करडी छटा दोनच रीतींनीं साधते. काळे ठिपके विरळ टाकावे, म्हणजे चित्र रवाळ दिसतें. किंवा सायन, मॅजेंटा व पिवळी या तीन शाया मिसळून करडेपणाचा आभास करावा. या तिहींचें प्रमाण किंचित् चुकलें कीं झांक येते, आणि प्रकाश पालटला कीं झांकहि पालटते. मोडी कागदांच्या बाबतींत हा दोष फार जाचतो. कागदावरील डाग, पाठीमागून फुटलेली शाई आणि बोरूची पुसट झालेली रेघ यांतील भेद छटांच्याच आधारें करावयाचा असतो. छटा बिघडली कीं वाचन बिघडलें.

यावरील उपाय म्हणजे स्वतंत्र करडी शाई. एपसन कंपनीनें २००५ सालीं ‘स्टायलस फोटो आर२४००’ या यंत्रांत काळ्या रंगाच्या तीन पायऱ्या एकाच वेळीं वापरण्याची सोय केली. तेव्हांपासून ही योजना महागड्या यंत्रांची खूण होती. पुढें ती शाईच्या टाकीच्या स्वस्त यंत्रांतहि आली. एपसनच्या ‘एल८१६०’ मध्यें व कॅननच्या ‘जी६७०’ मध्यें सहा शायांपैकीं एक करडी आहे. यंत्र घेतांना ‘सहा रंग’ एवढ्यावर भुलूं नये. पुष्कळ सहा रंगी यंत्रांत जादा दोन शाया फिकी सायन व फिकी मॅजेंटा असतात. त्यांचा उपयोग चेहऱ्याच्या कांतीस, आपल्या कामास थोडा. शायांचीं नांवें वाचून ‘ग्रे’ हा शब्द शोधावा.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. आपल्या जुन्या कागदांवरील काजळाची शाई म्हणजे कार्बनचे कण. म्हणूनच ती शेंदोनशें वर्षांनींहि काळी आहे. पिगमेंट शाईंतील काळा रंग त्याच जातीचा. डाय शाई ही द्रवांत विरघळलेल्या रंगाची. प्रकाश व हवेंतील ओझोन तिला लवकर गांठतात. मग पिगमेंटचेंच यंत्र कां घेऊं नये? कॅननचें २०२० सालचें ‘प्रो-३००’ तसें आहे, व चांगलें आहे. पण त्याच्या दहा लहान कुप्या वारंवार बदलाव्या लागतात. शिवाय कोणतेंहि इंकजेट यंत्र महिनोन्महिने पडून राहिलें कीं त्याचीं सूक्ष्म छिद्रें तुंबतात, आणि तीं साफ करण्यांत विकत घेतलेली शाई व्यर्थ जाते. वर्षांतून दोनदां छापणाऱ्यास यंत्राच्या किंमतीपेक्षां हा खर्च अधिक बोंचतो.

तेव्हां आमचें मत असें आहे. अभ्यासाच्या प्रतींकरितां करडी शाई असलेलें टाकीचें यंत्र घ्यावें, आठवड्यास एक पान तरी छापावें, व प्रती पेटींत ठेवाव्या. संग्रहीं कायम ठेवावयाचे निवडक छाप मात्र पिगमेंट शाईनें, सुती लगद्याच्या कागदावर, चांगल्या छापखान्यांतून काढून घ्यावे. कागदास शुभ्रता आणणारीं द्रव्यें घातलेलीं नसावीं. तीं कालांतरानें निस्तेज होऊन कागद पिवळट दिसूं लागतो.

विकत घेण्यापूर्वीं दुकानदाराकडून शुद्ध काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी छापून घ्यावी. ती एक दिवस वाळूं द्यावी, नंतर आधीं दिव्याखालीं व मग खिडकीशीं पाहावी. शेवटच्या चार काळ्या पायऱ्या निरनिराळ्या ओळखूं आल्या पाहिजेत. आमच्या शिलालेखाचा छाप आम्हीं असाच पुन्हा काढविला; त्यांत पहिल्या छापांत काळोखांत बुडालेली शेवटची ओळ वाचतां आली.