खडूची खूण आणि पुढची हौसिंग

जुन्या टू-व्हील पिकअपला फोर-व्हील करायचे काम पान्याने नाही, खडूने सुरू होते. गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलून दोन्ही चाके हवेत घ्यायची. एक खूण टायरवर, एक खाली प्रोपेलर शाफ्टवर. हेल्परने दोन्ही चाके बरोबरीने एक फेरा फिरवायची आणि मिस्त्रीने गाडीखाली आडवे होऊन शाफ्टचे फेरे मोजायचे. पाच फेरे पुरे होऊन खूण पाव आणि अर्ध्या फेऱ्याच्या मधोमध थांबली, तर क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात, म्हणजे ५.३८चा रेशो. पाचव्या फेऱ्याला जरा कमी पडली, तर ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. जीपच्या घराण्यात हे दोन्ही रेशो सापडतात. एकच चाक फिरवून दुसरे जमिनीवर ठेवले, तर डिफरन्शियल आपले काम करतो आणि आकडा निम्मा येतो.

हा आकडा कळल्याशिवाय पुढची हौसिंग, म्हणजे डिफरन्शियलसकट पुढचा ॲक्सल, विकत घ्यायची नाही. फोर-व्हीलचा लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल, तर त्याच मापाच्या टायरवर मागची चाके शंभर मीटर जातात तेव्हा पुढची चाके एकशे दहा मीटर जाऊ पाहतात. चिखलात ही ओढाताण घसरण्यात खपून जाते. डांबरावर मात्र ती जॉइंट क्रॉसमध्ये आणि दोन्ही शाफ्टना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसच्या दातांत साठत जाते, आणि शेवटी जो भाग कच्चा असेल तो तुटतो.

सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात चार चाकांचा जोर कशाला, असे बाहेरच्याला वाटेल. पण इथला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, आणि रान काळे आहे. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. उजनी धरणाच्या पाण्यावर उसाखाली आलेल्या पट्ट्यात तर पाऊस उघडला तरी पाणंद वाळत नाही. माल मागच्या हौद्यात असूनही पिकअपची मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

गंमत अशी, की आपल्याकडच्या जुन्या जीपला पुढचा जोर नव्याने द्यावा लागत नाही. काढून घेतलेला परत द्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप मुळात चार चाकांवर चालणारी. महिंद्राने १९४७मध्ये तिची जुळणी मुंबईत सुरू केली. अमेरिकेत एफसी-१५० ही चपट्या नाकाची पिकअपही फोर-व्हीलमध्येच येई. तीही महिंद्राने इथे बनवली. पुढे गावोगावच्या गिऱ्हाइकाला डिझेल परवडावे आणि किंमत उतरावी म्हणून याच घराण्यात टू-व्हील गाड्या वाढल्या. वडापला, म्हणजे भाड्याने माणसे वाहायला, धावणाऱ्या महिंद्राच्या कमांडर बहुतेक त्याच जातीच्या. पुढचा फिरता दांडा गेला, तिथे साधा ॲक्सल आला. पण चेसीची शिडी आणि पाटे यांची मूळ ठेवण कायम राहिली. म्हणून पाट्यांवर बसलेल्या पिकअपचे काम निभते, तर पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला बहुतेक मिस्त्री हात जोडतात.

अमेरिकेतही हाच अनुभव होता. मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३५पासून फोर्डचे ट्रक फोर-व्हील करून देई. मिनियापोलिसची नॅपको कंपनी शेवरोलेसाठी पुरा संच विके आणि तीन तासांत बसतो अशी जाहिरात करी. १९५७पासून शेवरोले तो संच कारखान्यातच बसवू लागली. १९६०मध्ये शेवरोलेने टू-व्हील ट्रकला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले आणि फोर-व्हीलची रचना स्वतःच केली, तेव्हा नॅपकोचा संच मागे पडला.

इथे संच मिळत नाही. हौसिंग एका भंगारातून, ट्रान्सफर केस दुसऱ्यातून, असे जमवावे लागते. जुन्या विलिस पद्धतीत ट्रान्सफर केस गिअर बॉक्सच्या पाठीलाच जोडलेला असतो आणि दोन्ही शाफ्ट उजव्या अंगाने निघतात. मागच्या हौसिंगचा गोळा मध्यभागी असेल, तर शाफ्ट तिरका पडतो. मग मागची हौसिंगही बदलावी लागते. पुढे यू-बोल्ट, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे रॉड सगळेच नव्याने जुळवावे लागतात. स्पीडोमीटरची केबलसुद्धा ट्रान्सफर केसवर हलते.

शाफ्ट मात्र तयार मिळत नाहीत. नळी कापायची, लेथवर तोंडे खरी करायची, वेल्डिंग करायचे. दोन्ही टोकांचे योक एका पातळीत हवेत, नाहीतर गाडी वेग घेताच थरथरते. या कामाला सोलापुरात हात आहेत. १८७७मध्ये ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी उभी राहिल्यापासून मशीनचा मोडका भाग घडवून देणे हा इथल्या टर्नर-फिटरांचा धंदाच आहे, आणि कॅमशाफ्टसारखा सूक्ष्म मापाचा भाग बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही इथलीच.

काम नीट झाले तर फरक पहिल्याच लो गिअरला कळतो. जुन्या तीन-गिअरी पेट्रोल जीपचा पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि हौसिंगचा ५.३८ यांचा गुणाकार होतो ३७. चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन ३७ वेळा फिरते आणि गाडी माणसाच्या चालीने चिखल कापत निघते. मधला डिफरन्शियल नसल्याने डांबर लागताच लिव्हर परत टू-व्हीलवर घ्यावाच लागतो. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला पडतो.

खरी अडचण कागदावर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होणारा बदल करू देत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्यामुळे एमएच-१३ची, म्हणजे सोलापूर पासिंगची, टू-व्हील पिकअप फोर-व्हील करण्याआधी आरटीओत विचारणे भाग आहे. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. उसाच्या रानात जाण्यासाठीच जुनी गाडी हवी असणारे म्हणून बहुधा वेगळी वाट धरतात : कारखान्यातूनच फोर-व्हील निघालेली जीप शोधायची, नोंदणी पुस्तकातले चेसी आणि इंजिनाचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहायचे, आणि मग पुन्हा खडू घेऊन गाडीखाली शिरायचे, कारण आधीच्या मालकाने कुठली हौसिंग बदलली असेल ते पुस्तकात लिहिलेले नसते.