'हुडकणे' : मराठी व कन्नड भाषांतील एका सामायिक क्रियापदाचा अर्थ आणि व्याकरण

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड व तेलुगू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कन्नड बोलली जाते. अशा विद्यार्थ्याने 'मी वही हुडकलो' असे लिहिल्यास आपली लाल शाई बहुधा 'हुडकणे' या शब्दावरच पडते व तेथे 'शोधणे' येते. ही दुरुस्ती योग्य जागी होते काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्थविचार :
कन्नडमधील 'हुडुकु' व मराठीतील 'हुडक' हे धातू अर्थाने एकच आहेत. 'हुडुकिदे, आदरे सिगलिल्ल' म्हणजे 'हुडकले, पण सापडले नाही'. दोन्हींत प्रयत्न अभिप्रेत आहे, प्राप्ती नव्हे. प्राप्ती दाखविण्यासाठी मराठीत 'हुडकून काढणे' असा संयुक्त प्रयोग होतो आणि तो प्रमाण लेखनातही रूढ आहे. 'शोधणे' हे संस्कृत 'शुध्' धातूवरून आलेले असून त्याचा मूळ अर्थ शुद्ध करणे असा आहे. म्हणून 'शोध', 'संशोधन' यांना विद्वत्तेचे वलय लाभले. 'हुडकणे' मात्र हरवलेली किल्ली वा चुकलेले वासरू यांच्यापाशी राहिले.

व्याकरणविचार :
कन्नडमध्ये क्रियापद कर्त्यानुसार बदलते : 'अवनु पुस्तक हुडुकिदनु' (त्याने), 'अवळु पुस्तक हुडुकिदळु' (तिने). मराठीत भूतकाळी कर्मणी प्रयोग होतो : त्याने कागद हुडकला, वही हुडकली, पुस्तक हुडकले. 'त्याने मुलाला हुडकले' हा भावे प्रयोग होय. म्हणजेच धातू सामायिक असला तरी मराठीत तो मराठीचेच नियम पाळतो.

डचमधील 'झूकन' व जर्मनमधील 'झूखन' ही 'शोधणे' याच अर्थाची क्रियापदे येथे तुलनेस घेता येतील. त्यांचे भूतकाळ अनुक्रमे 'झॉख्त' व 'झूख्ते' असे भिन्न होतात. तथापि त्या भाषा एकाच कुलातील असल्याने तेथील साम्य वारशाचे आहे. मराठी आर्यकुलातील व कन्नड द्राविडकुलातील असल्याने येथील साम्य सहवासाचे मानणे सयुक्तिक ठरते.

सहवासाचा परिणाम उलट दिशेनेही होतो. सांगलीजवळील कुपवाड येथील कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू बोलींचा जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द वेगळे राहूनही वाक्यरचना एकमेकींच्या जवळ येतात, असे त्यांनी दाखविले. 'मी वही हुडकलो' यातील कर्त्यानुसारी रूप याच प्रकारात मोडते. सीमाभागातील बोलीत 'मी पुस्तक वाचलो' असेही म्हणतात; तेथे शब्द तर निःसंशय मराठी आहे.

निष्कर्ष :
सदर वाक्यात प्रमाण लेखनाच्या दृष्टीने दुरुस्ती हवी असेल, तर ती 'हुडकलो' ऐवजी 'हुडकली' अशी प्रयोगाची असावी. 'मी वही शोधलो' असे लिहिल्याने काहीच सुधारत नाही. शब्द खोडला, तर आपली घरची भाषाच अशुद्ध आहे असा विद्यार्थ्याचा ग्रह होतो. याउलट दोन्ही भाषांची वाक्ये फळ्यावर शेजारी मांडल्यास त्याला कर्मणी प्रयोग उमगेल, आणि दोन भाषा जाणणे हे न्यून नसून सामर्थ्य आहे, हेही कळेल.