चुकलेल्या फळीचा खर्च कुणाचा?

पुण्यामुंबईत नव्या इमारतींमधली फर्निचरची कामं पाहिली, की कारागीर बहुतेक राजस्थानचे, नाहीतर उत्तर प्रदेश-बिहारचे दिसतात. मग ठरलेलं वाक्य कानावर येतं: आपल्या पोरांना घाम गाळायला नको. हे निदान मला पटत नाही. हीच पोरं चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटी पाळ्या करतात, रात्री उशिरापर्यंत दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतात. घामाची त्यांना ॲलर्जी असती तर ही कामंही ओस पडली असती. माझ्या मते खरी अडचण सुतारकी शिकण्याच्या हिशेबात आहे. या धंद्यात माणूस तयार होताना माल वाया जातो आणि जाणत्या माणसाचे तासही वाया जातात. हा तोटा सोसणारं कुणीतरी पाठीशी असेल तरच शिकाऊ पोराचा मिस्त्री होतो. धंद्यात शिरायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर तिथूनच शोधावं लागतं.

तोटा नेमका कसला, हे एका कपाटावरून कळतं. बाहेरून तीन फूट रुंदीचं कपाट करायचं आहे. दोन्ही बाजूंचं प्लायवूड १९ मिलीमीटरचं, म्हणजे सुतारी हिशेबात सहा सूत, पाऊण इंच. तेव्हा आतली फळी साडेचौतीस इंचांची हवी. आतून एक मिलीमीटरचं लॅमिनेट लागणार असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून आणखी दोन मिलीमीटर कमी. खाली ड्रॉवर असेल तर सरकत्या चॅनेलसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडायचा. शिवाय करवतीचं पातं स्वतःच अंदाजे एक सूत लाकूड खातं, म्हणून रेघेच्या कोणत्या अंगाने कापायचं हेही आधी ठरवावं लागतं. नवखा मुलगा यातलं एक वजा करायला विसरतो आणि फळी आखूड पडते. आठ बाय चारच्या चांगल्या प्लायवूडचा एक ताव काही हजारांना पडतो आणि आखूड फळी ताणून लांब करता येत नाही. ठेका चौरस फुटाच्या दराने घेतलेला, घरमालकाची गृहप्रवेशाची तारीख ठरलेली. अशा वेळी मिस्त्री पोराच्या हाती टेप आणि करवत देईल, की ताव उचलायला आणि फेविकॉल फासायला सांगेल? वर्षानुवर्षं हेल्परच राहिलेली माणसं या धंद्यात दिसतात, त्याचं कारण इथे आहे.

पूर्वी हा तोटा घर सोसत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त वर्णिलेल्या बलुतेदारीत सुतार नांगर, कुळव, पाभर करून देई आणि खळ्यावर धान्याचा वाटा घेई. त्याचा मुलगा बापाच्या रंध्याशी खेळतच मोठा होई. त्याने बाभळीचा एखादा ओंडका बिघडवला तर तो चुलीत जाई, हिशेबात येत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना मात्र आठवण द्यायला हवी, की शिक्षण फुकट होतं ते जन्माने सुतार असलेल्याला. इतरांना ते दार बंद होतं, आणि बलुतं किती मिळणार हे शेतकऱ्याच्या मर्जीवर होतं. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरापासून गावातलं हे काम हळूहळू आटत गेलं. पुढे जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये वृक्षतोडीवर आणि लाकूड गिरण्यांवर कडक बंधनं आणली. आयातीचा साग आणि यमुनानगरकडचं पॉप्लर-निलगिरीचं प्लायवूड शहरांत रुळत गेलं, आणि काम गावच्या पडवीतून फ्लॅटच्या हॉलमध्ये आलं. आज बाहेरून येणाऱ्या टोळ्यांकडे पाहा. कौशल्य त्यांना दैवी देणगी म्हणून मिळालेलं नाही. मिस्त्री आणि हेल्पर बऱ्याचदा एकाच गावचे, नात्यागोत्यातले असतात. कामाच्या जागीच राहतात, एकत्र जेवतात. पोराची चूक मामा पोटात घालतो, कारण उद्या तोच पोरगा त्याचा ठेका सांभाळणार असतो. जुन्या घराची जागा टोळीने घेतली. मराठी मुलाला असा मामा उरलेला नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं कोणी म्हणू नये. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण मुलगा जाऊ शकतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीचं कर्ज. पण ही योजना मुळात जे आधीच हाताने हे काम करतात त्यांच्यासाठी आहे. आठवडाभरात नवा सुतार घडेल अशी तिची अपेक्षाही नसावी. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, विद्यावेतनातला काही वाटा सरकार उचलतं; मात्र आजच्या नियमांत सक्ती तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना. सुतारी ठेका चालतो चार-पाच जणांवर. त्यामुळे आयटीआयच्या वर्षानंतरची दोन-तीन वर्षं, जिथे खरा हात बसतो, ती कोणाच्याच खात्यात येत नाहीत. जर्मनीत सुताराची उमेदवारी तीन वर्षांची असते. मुलगा कारखान्यात काम करता करता शाळेतही जातो आणि त्याला वेतन मिळतं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं कशासाठी? पॅनेल सॉ आणि सीएनसी आले, मॉड्युलर किचन खोक्यांतून येतं, सुतार इतिहासजमा होणार. कापण्याचं आणि कडा चिकटवण्याचं काम कारखान्यात जाईल हे खरंच आहे, आणि जावंच. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे आणि बंद खोलीत करवत चालवणाऱ्यांच्या नाकावर साधा रुमाल असतो. पण आपल्या भिंती ओळंब्यात नसतात. कारखान्यातून आलेलं चौकोनी खोकं वाकड्या कोपऱ्यात बसवायचं, पट्टी तासून फट झाकायची, दार दुसऱ्याला घासू नये म्हणून बिजागरी फिरवायची, हे जागेवरच होतं. पावसाळ्यात फुगलेलं जुनं दार तर कुठलाच कारखाना बसवून देत नाही. यंत्र आलं की नुसता उचलाउचल करणारा हेल्पर आधी जाईल, माप समजणारा राहील. म्हणजे शिकण्याची गरज वाढतेच.

म्हणून नव्या मुलाने आधी आयटीआयचं एक वर्ष करावं. तिथे निदान गुण्या, रंधा, पटाशी हातात घेऊन सरकारी लाकूड बिघडवायची मुभा असते. तिथे केलेला कुसू-खाचेचा जोड फ्लॅटमध्ये फारसा लागत नाही, अशी तक्रार असते. पण तो जोड जमवताना डोळ्याला सुताचा फरक दिसू लागतो. त्यानंतर मिस्त्री निवडताना रोज किती देतो याआधी त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलेला हेल्पर आज काय करतो, हे विचारावं. तो अजून तावच उचलत असेल तर पुढचं ठिकाण बघावं. उरलेल्या तुकड्यांवर कापून बघायला देणारा मिस्त्री पहिल्या वर्षी शंभर रुपये कमी देत असला तरी परवडतो, अर्थात घरची चूल त्या शंभरावर अडलेली नसेल तर. अडलेली असते तिथेच विद्यावेतन हवं. बांधकामाच्या जागेवर वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या सुताराची नोंदणी राज्याचं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ करतंच; त्याच मंडळाने चार माणसांच्या ठेकेदाराकडे शिकणाऱ्या पोराचं दोन वर्षांचं विद्यावेतन, आणि त्याने बिघडवलेल्या तावांसाठी ठरावीक रक्कम देऊन पाहावी.