लावा पक्षी : ओळख व सवयी

बालाघाटच्या मुरमाड माळावरून किंवा किनवट-माहूरकडील विरळ झुडपांतून जाताना पायाजवळून एकाएकी भुर्रकन आठदहा लहान पक्षी उठतात व चहूदिशांना पांगतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत आढळणारा हा लावा होय.

याची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. अंग गोलसर, शेपटी आखूड व पाठ मातकट तपकिरी असल्याने तो जमिनीवर सहसा दिसून येत नाही. नराच्या पांढुरक्या छातीवर व पोटावर काळ्या आडव्या रेघा असतात. मादीचा तोच भाग फिकट तांबूस व रेघांवाचून असतो.

लाव्यासारखाच दिसणारा दुसरा एक पक्षी शेतात आढळतो. त्याच्या पायास मागचे बोट नसते. पुढची तीनच बोटे असतात. तो बहुधा एकटा किंवा जोडीने राहतो. त्याची मादी नराहून मोठी असून तिचा गळा काळा असतो. अंडी उबविण्याचे व पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो. लावा मात्र थव्याने वावरतो. रात्री थवा जमिनीवरच अंगास अंग लावून, तोंडे बाहेर करून वर्तुळाकार बसतो. त्यामुळे संकट येताच प्रत्येकास उडण्यास वाट मोकळी मिळते. पांगलेले पक्षी नंतर परस्परांस साद घालून एकत्र येतात.

लावा जमिनीवरच चरतो. गवताचे व तणाचे बी, सांडलेले धान्य, वाळवी व इतर किडे हे त्याचे खाद्य होय. पोपटाप्रमाणे तो उभ्या कणसावर बसून नुकसान करीत नाही.

पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळा सरेपर्यंत गवताच्या बुडाशी तो घरटे करतो व त्यात ४ ते ८ अंडी असतात. धुऱ्यावरील गवत कापण्याचे कामही याच दिवसांत येते. म्हणून पायाखालून पक्षी उठल्यास विळा थांबवून खाली पाहावे. घरटे असल्यास भोवतीचे थोडे गवत राखावे व धुरा पेटवू नये. अंडी १६ ते १८ दिवसांत फुटतात व पिल्ले लगेच चालू लागतात. तेव्हा ही अडचण अडीच आठवड्यांहून अधिक राहत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये लाव्याची शिकार करणे, त्यास फासे लावून धरणे किंवा त्याची अंडी नेणे हा गुन्हा आहे, हे ग्रामसेवकांनी गावकऱ्यांस समजावून द्यावे.