ईमॅक्सला विचारून पाहा

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये खुला केलेला ग्नू ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर आपली माहितीपुस्तिका सोबतच घेऊन येतो. कंट्रोल-एच दाबून टी दाबले की नवख्यांसाठीचा धडा उघडतो. आय दाबले की सविस्तर पुस्तिका.

खरी ताकद मात्र के या अक्षरात आहे. कंट्रोल-एच, मग के आणि नंतर कोणतीही कळ दाबा. ती काय करते ते लगेच कळते. कंट्रोल-एस दिल्यास शोधाच्या आज्ञेचे नाव आणि वर्णन समोर येते. मूळ कोड संगणकावर असेल, तर तिथल्या दुव्यावरून थेट त्यातही शिरता येते. केवढा हा मोकळेपणा!

आज्ञेचे नावच आठवत नसेल, तर कंट्रोल-एचनंतर ए दाबून नुसता एखादा शब्द द्यावा. वापरणाऱ्याने स्वतः रचलेल्या आज्ञाही, त्यांच्या वर्णनासह, याच शोधात सापडतात.