संध्याकाळी वायफाय का अडतं?

आपल्या मुरबाड-शहापूरकडच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी कल्याण-डोंबिवलीत, नाहीतर ठाण्यात राहतं. त्यांच्याकडून फोनवर एक तक्रार हमखास ऐकू येते. दुपारी वायफाय छान चालतं, पण संध्याकाळचे सात-आठ वाजले की नुसतं चाक फिरत बसतं. लेकीचा परीक्षेचा फॉर्म अर्ध्यात अडकतो, ई-केवायसी पूर्ण होत नाही, गटाचा हिशोब पाठवायचा तो जात नाही. मग कंपनीला बोल लावायचे, नाहीतर जास्त पैशांचा प्लॅन घ्यायचा. कधी कधी दोष कंपनीचा असतोही. पण पुष्कळदा अडचण बाहेरून आलेल्या तारेत नसते, ती घरातल्या हवेत असते. त्या हवेत कुणी कसं बोलायचं याचे सरकारी नियम आहेत. आज त्याबद्दल बोलू.

वायफायचा डबा, म्हणजे राउटर, हा एक छोटासा रेडिओच आहे. आपला रेडिओ फक्त ऐकतो. राउटर ऐकतो आणि बोलतोही, आणि तुमचा मोबाइल त्याला उत्तर देतो. हे सगळं रेडिओलहरींवर चालतं. आकाशवाणी, मोबाइलचा टॉवर, पोलिसांचा वायरलेस, विमानतळ, हवामान खात्याचं रडार, सगळे त्याच लहरी वापरतात. म्हणून प्रत्येकाला ठरावीक जागा दिलेली असते. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ वर लागतं. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला दलित शेतकरी बायकांनी चालवलेला संगम रेडिओही ९०.४ वरच लागतो. दोघांत भांडण होत नाही, कारण दोन्ही एकमेकांपासून खूप लांब आहेत आणि सामुदायिक केंद्राला ताकद १०० वॅटपर्यंतच वापरता येते. हीच दोन केंद्रं एका गावात आणून बसवली, तर दोन्हीकडून खरखर सोडून काही ऐकू येणार नाही. डोंबिवलीतल्या वायफायचं नेमकं हेच होतं.

आता कायद्याचं सांगते. आपल्यातल्या मोठ्या बायकांना आठवत असेल, एके काळी घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन लागायचं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. १९३३ च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगायलाच बंदी होती. १९८० च्या दशकात रेडिओ ऐकण्याचं लायसन गेलं, पण लहरी सोडण्याचं राहिलं. पुढे ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. खटला होता क्रिकेटचे सामने टीव्हीवर कोण दाखवणार याचा. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठीच झाला पाहिजे. पुढे संस्थांना आणि गावांना सामुदायिक रेडिओ मिळाला, त्याचं मूळ या निकालात आहे.

मग आपल्या घरच्या राउटरला लायसन का लागत नाही? कारण जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा लहरींचा एक पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. गावच्या गायरानासारखं समजा. तिथे कुणीही जनावर सोडावं, पावती नाही. पण गायरानालाही रीत असते, तशा इथे अटी आहेत. ताकद ठरलेल्या मर्यादेत ठेवायची. ती मर्यादा जास्तीत जास्त ४ वॅट आहे आणि घरचा राउटर त्याच्या कितीतरी खाली चालतो. दुसऱ्याच्या कामात अडथळा आणायचा नाही. आणि तिसरी अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: दुसऱ्याचा अडथळा तुम्हाला झाला, तर सरकार तुम्हाला संरक्षण देणार नाही. म्हणजे शेजारच्या खोलीतल्या वायफायमुळे तुमचं अडलं, तर तक्रार घेऊन जायला कचेरी नाही. आपसातच मिटवायचं.

मिटवायचं कसं, ते कळण्यासाठी आपण म्हशाच्या जत्रेत जाऊ. समजा पालं लावायला ८३ फूट लांबीची एक ओळ आखली आहे. जमिनीवर दर पाच फुटांवर चुन्याने आकडे टाकलेत, १ ते १३. दुकानदाराला वाटतं तेरा दुकानं मावतील. पण प्रत्येकाचं पाल वीस फूट रुंद आहे! आकडा पालाच्या मधोमध येतो आणि कापड दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट पसरतं. मग एकमेकांवर न चढता, मधून जायला थोडी वाट ठेवून, कोण बसू शकतं? १, ६ आणि ११ या आकड्यांवरची तीनच पालं. वायफायचे चॅनेल अगदी असेच आहेत. फुटांच्या जागी मेगाहर्ट्झ म्हणा. आपल्या देशात १ ते १३ चॅनेल वापरायला मोकळे आहेत, पण एकमेकांना न घासणारे म्हणून सगळे १, ६ आणि ११ हेच धरून चालतात.

आता डोंबिवलीतल्या चाळीत नाहीतर सोसायटीत उभं राहून मोबाइलवर वायफायची यादी उघडा. पंधरा-वीस नावं सहज दिसतात. जागा तिघांची आणि पालं वीस. दुपारी बरेचसे गप्प असतात, माणसं कामावर असतात. संध्याकाळी लोकल रिकामी झाली की सगळे एकदम बोलू लागतात.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण यात बहुतेकांची गफलत होते. एखाद्याला वाटतं, ६ वर गर्दी आहे ना, मग मी ४ घेतो, तिथे कुणीच नाही. हे उलट महागात पडतं. राउटर बोलण्याआधी कान देऊन ऐकतो. त्याच चॅनेलवर दुसरा बोलत असेल तर तो थांबतो आणि मग आपली पाळी घेतो. गटाच्या बैठकीत आपण एकमेकींना बोलू देतो, तसंच. कामाला उशीर होतो, पण होतं. पण तुम्ही ४ वर बसलात, तर ६ वाल्याचं बोलणं तुमच्या राउटरला अर्धवट ऐकू येतं, शेजारच्या खोलीत लावलेल्या लाउडस्पीकरसारखं. शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट कानावर येतो. तो पाळी धरू शकत नाही, बोललेलं पुन्हा पुन्हा बोलावं लागतं आणि १ वाल्याचं व ६ वाल्याचं, दोघांचंही बिघडतं. तेव्हा गर्दी असली तरी १, ६, ११ यांतलाच त्यातल्या त्यात मोकळा घ्यावा.

कोणता मोकळा आहे हे बघायला मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर नावाची फुकट अ‍ॅप मिळतात. त्यात प्रत्येक राउटर एका कमानीसारखा दिसतो, तिघींनी मिळून बघितलं तरी समजतं. चॅनेल बदलायचा तर राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकायचा, वायरलेसच्या पानावर जायचं. तिथे चॅनेलसमोर बहुधा ‘ऑटो’ लिहिलेलं असतं, ते बदलून आकडा निवडायचा. जवळच रुंदी असते, २० किंवा ४०. गर्दीच्या वस्तीत २० ठेवा. ४० म्हणजे एकट्याने दोन पालांची जागा अडवणं. जमत नसेल तर तार जोडायला येणाऱ्या मुलाला स्पष्ट सांगा, चॅनेल ६ कर, रुंदी २० कर. त्याला पाच मिनिटांचं काम आहे. एका मजल्यावरच्या चार बायकांनी बसून आपसात आकडे वाटून घेतले तर फारच उत्तम. नळाच्या पाळ्या लावणाऱ्यांना हे जड नाही.

एक आडवळणाची गोष्ट. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाने पाठवलेल्या मोबाइलला कधी कधी घरचं वायफाय दिसतच नाही. मोबाइल बिघडलेला नसतो. तिकडे ११ पर्यंतच चॅनेल वापरतात, आणि तुमचा राउटर १२ किंवा १३ वर गेलेला असतो. ११ वर आणा, दिसेल. काही पोरं व्हिडिओ बघून राउटरमधला देशच बदलतात, ‘जपान’ निवडतात, म्हणजे १४ नंबर मिळतो. तो चॅनेल २४८४ मेगाहर्ट्झवर आहे आणि आपली मुभा २४८३.५ ला संपते. असलं काही करू देऊ नका. देश ‘इंडिया’च राहू द्या.

आता हल्लीच्या राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५ असतं. हा दुसरा पट्टा, ५००० मेगाहर्ट्झच्या पुढचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने यातली एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवानामुक्त केली. कुठे ८३ आणि कुठे ६०५! तिथे गर्दी फार कमी जाणवते. खोट एवढीच की या लहरी भिंतीला लवकर हार मानतात. दोन खोल्यांच्या घराला ५ वालं नाव घ्या, लांबच्या खोलीला किंवा ओटीवर जुनंच बरं.

याच पट्ट्यात एक मोठा शेजारी राहतो, आणि त्याच्याशी आपल्या जिवाचा संबंध आहे. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, इकडे उल्हास नदीचं पाणी बदलापूर, कल्याणच्या घरांत शिरलं. तेव्हा मुंबईत पावसाचे ढग नीट बघणारं डॉप्लर रडार नव्हतं. कुलाब्याचं नंतर आलं. दुसरं मुंबईच्या उपनगरात वेरावलीला बसवलं, १४ जानेवारी २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. ते ‘सी बँड’ प्रकारचं आहे. अशी रडारं जगभर साधारण ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि वायफायला दिलेली जागा त्यावरूनच जाते. रडार ढगाकडे लहर सोडतं आणि परत येणारा अगदी क्षीण आवाज ऐकतं. त्यात कुणी ओरडलं तर पडद्यावर नसलेला पाऊस दिसतो किंवा असलेला झाकला जातो. २००९ मध्ये पोर्तो रिको बेटावर सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारला बाहेर लावलेल्या अशाच वायरलेस यंत्रांचा त्रास झाला होता. म्हणून चांगल्या राउटरला शिकवलेलं असतं की त्या चॅनेलवर जाण्याआधी किमान मिनिटभर ऐकायचं आणि रडार जाणवलं तर तिथून निघायचं. ५ वालं नाव मधेच गायब होऊन परत आलं तर हेही कारण असू शकतं. मान्यता नसलेला स्वस्त डबा हे करेलच असं नाही.

आणि मोबाइलची रेंज वाढवणारा ‘बूस्टर’ दुकानात कुणी दाखवला तर घेऊ नका. तो परवानामुक्त पट्ट्यात चालत नाही, मोबाइल कंपन्यांच्या लहरींत घुसतो. खाजगी माणसाने तो विकणं, बाळगणं, लावणं बेकायदेशीर आहे. एका घराची रेंज वाढते आणि आख्ख्या गल्लीचे फोन तुटतात. लहरींवर पाळत ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा आहे, तिचं एक केंद्र बोरिवलीत गोराई रस्त्यावर आहे. ती शेजाऱ्यांचं वायफायचं भांडण सोडवायला येत नाही, पण बूस्टरवाल्याचं घर शोधू शकते.

आपल्या गावात अडचण वेगळी. इथे हवा मोकळी आहे, कोणताही चॅनेल चालेल. पण राउटर लोखंडी कपाटामागे किंवा पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलेला असतो, मग लहर अडते. तो घराच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर त्यापासून लांब ठेवा, तो २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे आपल्याच पट्ट्यात. चॅनेल बदलला की राउटर एक-दोन मिनिटं बंद होऊन परत सुरू होतो. तेव्हा घरात कुणाची ऑनलाइन परीक्षा चालू असताना हा उद्योग करू नका.